पाण्यावरून येणारं नाटक

मुंबई आकाशवाणीच्या मिडियम वेव्हचे मनोरे मालाडच्या पश्चिमेला, मालवणीला. तिथून अलिबाग सरळ रेषेत साठेक किलोमीटर, श्रीवर्धन सव्वाशेच्या घरात. माणसाला पनवेल, पेण, वडखळ असा वळसा पडतो. लहरी मात्र मुंबईची चिंचोळी पट्टी ओलांडली की समुद्रावरच उतरतात. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक, त्यामुळे त्यावरून जाताना त्या कोरड्या जमिनीपेक्षा फार कमी क्षीण होतात. रेवदंडा-मुरूडकडे म्हणूनच मुंबई केंद्र घरचं असल्यासारखं लागे, आणि चर्चगेटजवळच्या स्टुडिओत घडलेली श्रुतिका माजघरात ऐकू येई.

हे केंद्र २३ जुलै १९२७ला सुरू झालं ते एका खासगी कंपनीचं म्हणून. तीन वर्षांत कंपनी बुडाली, कारभार सरकारकडे आला, १९३६मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं. पुढचा इतिहास बहुतेकांना माहीत असतो. नाटक आवाजात कसं बसवतात, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

सगळा खेळ मायक्रोफोनपासूनच्या अंतराचा. जुना रिबन मायक्रोफोन पुढून ऐकतो आणि मागूनही ऐकतो, पण दोन्ही कडांनी जवळजवळ बहिरा असतो. नवरा-बायकोचा प्रवेश असेल तर दोघांनी त्याच्या दोन अंगांना समोरासमोर उभं राहायचं. भांडण झालं, नवरा तणतणत बाहेर गेला, असं दाखवायचं तर त्याने बोलता बोलता दोन पावलं कडेला सरकायचं, बस्स. इकडे ऐकणाऱ्याला वाटतं, गेला पडवीत. कानातली कुजबुज हवी तर ओठ मायक्रोफोनच्या अगदी जवळ आणायचे आणि आवाज निम्म्यावर घ्यायचा. मोठ्याने बोलणं हा रंगमंचाचा संस्कार, तो इथे विसरावा लागतो. शेवटच्या रांगेला ऐकवायची सवय लागलेले भलेभले नट रेडिओवर ओरडल्यासारखे वाटतात, ते यामुळेच.

संहिता पाठ नसते, हातात असते. पण तिची पानं टाचलेली नसतात. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, अलगद सोडून द्यायचं. ते सतरंजीवर बिनआवाज पडलं पाहिजे. उलटलंत तर ती कुरकुर थेट म्हसळ्यापर्यंत जाते.

आणि पात्रयोजना. रेडिओच्या नाट्यकलाकारांना आवाजाची चाचणी द्यावी लागते, बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी मिळतात. तरी चार उत्तम आवाज एकत्र आणले म्हणजे श्रुतिका झाली असं नाही. सासू आणि नणंद एकाच पट्टीत बोलू लागल्या की तिसऱ्या वाक्याला श्रोता हरवतो. मग लेखकाला दर वाक्यात नावं घ्यावी लागतात आणि संवाद हजेरीपटासारखा होतो. आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या मालिकेची गंमत इथे कळते. प्रभाकर जोशी पंत, नीलम प्रभू मीनावहिनी, बाळ कुडतरकर टेकाडे भावोजी. सरकारला लोकांच्या कानावर घालायच्या गोष्टी घरगुती गप्पांत घोळवून सांगायचं काम होतं, म्हणजे तसं रुक्षच. पण तिघांचे आवाज असे एकमेकांपासून वेगळे की अर्धा हुंकार आला तरी कोण ते समजे. नीलम प्रभू म्हणजेच संगीतकार यशवंत देवांच्या पत्नी करुणा देव.

रूपांतराबद्दल माझं मत जरा कडक आहे. गाजलेलं रंगमंचीय नाटक घेऊन ते तासाभरात बसवणं सोपं वाटतं, पण त्यात निम्मा मजकूर डोळ्यांसाठी लिहिलेला असतो. तो भरून काढायला ‘अगंबाई, हातातलं पत्र फाडलंस की गं!’ अशी वाक्यं घुसडली जातात. खऱ्या आयुष्यात असं कुणी बोलत नाही. कादंबरी किंवा कथा त्यापेक्षा बरी. तिच्यात निवेदकाचा आवाज आधीपासून असतो. सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत खरी ती मुळातच कानासाठी लिहिलेली श्रुतिका. रिचर्ड ह्यूज यांनी १९२४च्या जानेवारीत बीबीसीसाठी लिहिलेल्या ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’मध्ये माणसं कोळशाच्या खाणीत अडकतात आणि दिवे जातात. पात्रांनाही दिसत नाही, श्रोत्यालाही नाही. तक्रारीला जागाच नाही. आपल्याकडे रत्नाकर मतकरींची पहिली एकांकिका ‘वेडी माणसं’ १९५५मध्ये मुंबई आकाशवाणीवरूनच झाली. वय सतराच्या आत.

ध्वनिपरिणामांत किनाऱ्यावरचा श्रोता चिकित्सक. खरा समुद्र ध्वनिमुद्रित केला तर तो नुसता खरखरतो, पाऊस की बिघडलेला सेट ते कळत नाही. म्हणून लाट बनवावी लागते: सुपात वाटाणे घेऊन सूप संथपणे एका अंगाला कलतं करायचं, क्षणभर थांबायचं, मग परत. त्या थांबण्यातच लाट असते. पण नागावच्या माणसाला भरती आणि ओहोटीचा आवाज वेगळा माहीत असतो, आणि संहितेत होडी रेतीत रुतली असताना मागे भरतीचा धबाबा ऐकू आला की तो हसतो.

आता आकाशवाणीची वाहिनी मोबाइलच्या ॲपवरही लागते, ऑडिओ-मालिका करणाऱ्या कंपन्या मराठीत उतरल्या आहेत, आणि गोधडीखाली बसून फोनवर ध्वनिमुद्रण करणारी पोरंही आहेत. कामाला आवाज पुष्कळ मिळतात. पण नवरा कांदिवलीच्या बेडरूममधून बोलतो, बायको चौलच्या ओटीवरून, दोघांच्या फाइली वेगवेगळ्या दिवशी येतात. प्रेमाच्या प्रवेशात ते खपून जातं. भांडणात नाही. भांडणात एकाने दुसऱ्याचं वाक्य तोडायचं असतं, श्वास ऐकून तोंड उघडायचं असतं, आणि दोन खोल्यांचा घुमारा एक असावा लागतो. तो जुळत नाही म्हटल्यावर संकलक मध्ये पावसाचा ट्रॅक टाकतो. हल्ली मराठी ऑडिओ-नाटकांत इतका पाऊस का पडतो, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.