पेटी एक, प्रती तीन

आपल्या प्रत्येकीच्या घरी एक पेटी असते. लोखंडी, कुलूप लावलेली. सातबारा, मुलांच्या टीसी, मार्कशीट, जातीचा दाखला, पासबुक सगळं त्यातच. पेटी जपली की झालं, अशी आपली समजूत. पण २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी खाली आलं, वैनगंगा फुगली आणि भंडारा शहरातल्या वस्त्यांसह नदीकाठची कितीतरी गावं पाण्यात गेली. पुराला कुलूप थोडंच अडवतं! भांडीकुंडी पुन्हा घेता येतात. दाखला पुन्हा काढायचा तर शाळा, तलाठी, तहसील अशा फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडते.

काहीजणी म्हणतील, "आमचं तर सगळं मोबाईलमध्ये आहे." अगं बाई, मोबाईल म्हणजेसुद्धा पेटीच! हरवला की सगळं गेलं.

आमच्या बचत गटातल्या एकीने लेकीचे सगळे दाखले एका पेनड्राइव्हमध्ये ठेवले होते. नर्सिंगच्या प्रवेशाची तारीख उद्यावर आली आणि फाइल उघडेचना! साकोलीला माहेरी भावाच्या कॉम्प्युटरमध्ये त्याच दाखल्यांची प्रत होती, म्हणून पोरीचं वर्ष वाचलं.

फाइल बिघडते कशी? पुष्कळदा घाईने. पडद्यावर 'कॉपी झाली' असं दिसलं, तरी शेवटचा भाग कधीकधी कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मरणात असतो, पेनड्राइव्हवर उतरलेला नसतो. तेवढ्यात तो ओढून काढला, नाहीतर लाइट गेली, की फाइल अर्धवट राहते. म्हणून आधी 'इजेक्ट' करायचं, मगच पेनड्राइव्ह काढायचा. 'फॉरमॅट करू का?' असं विचारलं तर 'हो' म्हणू नका. त्यात नवीन काही भरूही नका, आधी जाणकाराला दाखवा.

जाणकारांचा एक सोपा नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांत, आणि त्यातली एक घराबाहेर. म्हणजे एक मोबाईलमध्ये, एक पेनड्राइव्हमध्ये आणि एक इंटरनेटवर किंवा माहेरी. गटाचे हिशेब कॉम्प्युटरवर लिहीत असाल, तर जुन्या फाइलवरच लिहीत जाऊ नका. दर महिन्याला तारीख घालून नवी फाइल करा. एक बिघडली तरी मागची हाताशी राहते.

सरकारचं डिजिलॉकर २०१५ पासून आहे, तेही फुकट. त्यात सरकारी खात्याकडून थेट आलेला कागद कायद्याने मूळ कागदासारखाच धरला जातो. आपण फोटो काढून चढवलेल्या कागदाला मात्र तो मान नाही, हा फरक लक्षात ठेवा. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू ठेवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. डिजिटल सहीचा सातबाराही महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर दाखला पाठवताना 'फोटो' म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो दाबून लहान केला जातो, अक्षरं पुसट होतात. आणि सेवा केंद्रात आधारकार्ड काढून घेतलंत, तर तिथल्या कॉम्प्युटरमधली आपली फाइल समोर उभं राहून पुसून घ्या. संकोच करू नका, कागद आपला आहे.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना गावोगावी कागद शोधण्याची कशी धांदल उडाली, ते आपण पाहिलंच. महिन्याच्या दीड हजाराचा प्रश्न होता तो.

मैत्रिणींनो, पावसाळा लागायच्या आत आपण कवेलू फेरतो, सरपण आत घेतो. त्याच दिवसांत तासभर काढा. लेकीला किंवा सुनेला सोबत बसवा आणि प्रत्येक प्रत उघडून बघा. नुसती ठेवलेली प्रत कामाची नाही, उघडणारी प्रत कामाची.