आसामच्या चहामागचे आदिवासी



उपासना संपली की आपल्या बहुतेक मंडळ्यांमध्ये चहा होतोच. पण आपल्या देशात घरोघरी चहा पिण्याची सवय जेमतेम शंभर वर्षांची आहे. त्याआधी इथला चहा पिकायचा तो मुख्यतः इंग्लंडसाठी. आणि तो पिकवला कोणी, हे आदिवासींमध्ये सेवा करणाऱ्या आपल्यासारख्यांना माहीत असायला हवे असे मला वाटते.

इंग्रज पूर्वी सगळा चहा चीनहून घेत. सुरुवातीला त्याची किंमत चांदीत चुकवली जाई, पुढे अफूच्या पैशातून. १८३३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीची चीनच्या व्यापारातली मक्तेदारी गेली, तेव्हा आपल्याच मुलखात चहा लावण्याची धडपड सुरू झाली. आसामात तो होताच. तिथले सिंगफो आदिवासी रानातली चहाची पाने भाजून, बांबूच्या नळीत ठासून, धुरावर ठेवून वापरत. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या व्यापाऱ्याला हे झाड कळले ते बिसा गाम या सिंगफो सरदाराकडून. पुस्तकांत मात्र ब्रूसने चहाचा ‘शोध लावला’ असे लिहितात! १८३९ च्या जानेवारीत आसामच्या चहाच्या ८ पेट्यांचा लंडनला लिलाव झाला आणि त्याच वर्षी आसाम कंपनी उभी राहिली.

जंगल तोडून मळे वाढले, पण माणसे मिळेनात. आधी चिनी कारागीर आणून पाहिले. आसपासचे लोक त्या मजुरीवर टिकेनात. मग मळेवाल्यांची नजर छोटानागपूरकडे गेली. तिथे उराँव, मुंडा, खडिया, संथाळ यांच्या जमिनी जमीनदार आणि सावकार गिळत होते, त्यात दुष्काळ. अशा गावांत ‘आरकाटी’ म्हणजे मजूर गोळा करणारे दलाल फिरू लागले. चार पैसे हातावर ठेवायचे, सुखाच्या थापा मारायच्या आणि करारावर अंगठा घ्यायचा. वीटभट्टीची किंवा ऊसतोडीची उचल घेतलेली कुटुंबे आपण वाड्यापाड्यांवर पाहतो. त्यांना आरकाटी कोण हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

फरक इतकाच की आसामात मुकादमामागे सरकारी कायदा उभा होता. १८६५ च्या कायद्याने महिन्याला पुरुषाला ५, बाईला ४ आणि मुलाला ३ रुपये मजुरी ठरवली. दिवसाला नऊ तास काम, कराराची मुदत तीन वर्षे. ऐकायला बरे वाटते. पण त्याच कायद्याने, पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटाशिवाय पकडण्याची मुभा मळेवाल्याला दिली. १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत सुमारे ८५ हजार मजूर आसामात उतरवले गेले. त्यांतले ३० हजारांहून अधिक १८६६ च्या मध्यापर्यंत मेले किंवा बेपत्ता झाले. होड्यांमधली दाटी, पटकी, हिवताप, अपुरे अन्न. मळेवाल्यांत रविवारी नेमाने चर्चला जाणारेही होते, हे आपण विसरू नये. तसेच चार्ल्स डाउडिंग नावाच्या पाळकाने १८९० च्या दशकात या मृत्यूंविषयी उघडपणे लिहिले, हेही. अटकेचा तो अधिकार १९०८ मध्ये गेला.

मजुरांचा संताप १९२१ च्या मे महिन्यात बाहेर पडला. चारगोला खोऱ्यातले हजारो मजूर गांधीजींचा जयजयकार करत मळे सोडून गावाकडे निघाले. चांदपूरच्या स्टेशनावर रात्री झोपलेल्या या माणसांवर गुरखा शिपाई सोडण्यात आले. पाठोपाठ पटकी आली. सी. एफ. अँड्र्यूज तेव्हा तिथे जाऊन मदतीला उभे राहिले.

बहुतेकांना मात्र परत जाता आलेच नाही. त्यांची पाचवी-सहावी पिढी आज मळ्यातल्या ‘लाइनी’त राहते, सादरी बोलते, झुमुर नाचते. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही पुष्कळ आहेत. १८४५ मध्ये गॉसनर मिशनचे मिशनरी रांचीला आले, त्या कामाची मुळे मजुरांबरोबरच आसामात पोहोचली. १९५१ च्या मळे कामगार कायद्याने घर, दवाखाना, पाळणाघर देणे मालकांवर बंधनकारक केले. पण सगळ्याच मळ्यांत ते नीट मिळाले असे नाही, आणि मजुरीचा झगडा चालूच आहे.

मला सर्वांत अधिक खुपते ते वेगळेच. झारखंडमध्ये राहिलेला उराँव किंवा मुंडा अनुसूचित जमातीत मोडतो. त्याच्याच पणजोबांच्या भावाचे वंशज आसामात ‘चहा जमाती’ म्हणून इतर मागासवर्गात गणले जातात. जमीन, शिष्यवृत्ती, नोकरी यांतले जमातीचे हक्क त्यांना तिथे मिळत नाहीत. ही मागणी ते कित्येक वर्षे करत आहेत. जातीच्या दाखल्यासाठी आपल्या पाड्यांवरची मुले किती खेटे घालतात हे आपण जाणतो. म्हणून या तिमाहीच्या प्रार्थनाविषयांत आसामच्या या बांधवांचीही आठवण ठेवावी, ही विनंती.