'ढ' म्हणण्यापूर्वी

तिसरीतल्या मुलाला घेऊन आई ओपीडीत येते. "डॉक्टर, तोंडी सगळं येतं त्याला, वाचायला बसला की अडतो. बुद्धीचं टॉनिक द्या." वहीत 'घ'च्या जागी 'ध', काना-मात्रा गायब.

आधी डोळे आणि कान तपासावेत. सरकारी व अनुदानित शाळांत येणारे आरोग्य पथक ही तपासणी मोफत करते. दोन्ही ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेचा विचार करावा. यात बुद्धी चांगली असते. अक्षर आणि उच्चार यांची सांगड मात्र मेंदूत सहज बसत नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत तिचा समावेश आहे.

प्रमाणपत्रासाठीची चाचणी साधारण आठ वर्षांनंतर होते. मदत तोवर थांबवू नये. पुढचा बाक, फळ्यावरून उतरवण्याऐवजी तयार कागद, जादा वेळ, तोंडी उत्तराची मुभा, सर्वांसमोर वाचण्याची सक्ती नाही. एवढे कोणत्याही वर्गात जमते. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांबद्दल मुख्याध्यापकांना विचारा.

अशा मुलाला मी टॉनिक देत नाही. चिठ्ठीवर त्याच्या बाईंसाठी चार ओळी लिहितो.