ऑलिव्ह गार्डनमधली वाइन

अमेरिकेतल्या इटालियन रेस्टॉरंटांच्या साखळ्यांमध्ये ऑलिव्ह गार्डन सर्वांत मोठी. सीरियल आणि पिठासाठी प्रसिद्ध असलेल्या जनरल मिल्स कंपनीनं १९८२ मध्ये फ्लोरिडातल्या ऑरलँडोत तिची पहिली शाखा उघडली. आज शाखा नऊशेहून अधिक आहेत. हवं तितकं सूप, सॅलड आणि ब्रेडस्टिक्स मिळत असल्यानं तिथल्या शाकाहारी मराठी कुटुंबांनाही ती ओळखीची. पास्ता कोणता घ्यायचा हे चटकन ठरतं. वाइनचं पान उघडलं की मात्र नजर किमतींवर खिळते आणि बरेच जण सर्वांत स्वस्त बाटली टाळून तिच्या वरची मागवतात. चिक्कूपणाही दिसत नाही, खिसाही सांभाळला जातो.

रेस्टॉरंटवाले ही सवय ओळखून नेमक्या त्याच बाटलीवर जास्तीत जास्त नफा काढतात, असा समज आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ससेक्स विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी लंडनमधल्या दोनशेहून अधिक रेस्टॉरंटांच्या वाइनयाद्या तपासल्या, तेव्हा तो खोटा ठरला. खरेदीच्या किमतीवर सर्वाधिक टक्के चढवलेले होते ते यादीच्या मधल्या वाइनवर. स्वस्त वाइन मागवताना ओशाळायचं कारणच नाही.

साखळीची यादी छोटी असते आणि तिच्यात मोठ्या उत्पादकांचीच नावं असतात, कारण तीच वाइन शेकडो शाखांना वर्षभर पुरली पाहिजे. जाणकार त्यावरून नाकं मुरडतात. पण जेवणाऱ्याचा त्यात एक फायदाही आहे. उघडलेली वाइन हवा लागून दोन-तीन दिवसांत उतरते. खपाची बाटली तेवढा वेळ टिकतच नाही. म्हणून ग्लासनं घ्यायची तर जास्त खपणारी घ्यावी, बाटली कधी उघडली हे विचारावं, आणि घोटभर चव मागावी. चव द्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

सर्वाधिक हेटाळणी होते ती गोडसर, गुलाबी व्हाइट झिनफँडेलची, आणि ती अन्यायाची आहे. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात सटर होम वायनरीच्या एका टाकीतली आंबण्याची क्रिया मधेच थांबली. यीस्ट मेलं, साखर शिल्लक राहिली. बॉब ट्रिंचेरो यांनी ती वाइन तशीच विकली आणि लोकांनी ती उचलून धरली. मागणी इतकी वाढली, की झिनफँडेलचे कितीतरी जुने वेल उपटले जाण्यापासून वाचले. झणझणीत पदार्थाबरोबर जास्त अल्कोहोलची लाल वाइन घेतली, तर तोंडाची आग वाढते; थंड, गोडसर वाइन ती निववते. ज्याला ती आवडते त्यानं खुशाल मागवावी.

एरवी वाइन ठरवावी ती सॉस पाहून. टोमॅटोच्या आंबटपणापुढे मवाळ वाइन पाणचट लागते. तिथे कियांती ही लाल वाइन हवी, कारण तिच्यातल्या सांजोवेझे द्राक्षांना स्वतःचीच आंबट धार असते. लोणी, क्रीम आणि चीजच्या आल्फ्रेडोबरोबर पिनो ग्रीजोसारखी हलकी पांढरी वाइन तोंड स्वच्छ करते. लाल वाइन कोमट आली, तर दहा मिनिटं बर्फात ठेवायला सांगावी. त्यात काही गैर नाही.

ग्लासचं माप मात्र आधी विचारून घ्यावं. अशा ठिकाणी ६ आणि ९ औंस अशी दोन मापं असू शकतात. अमेरिकेतल्या आरोग्य खात्याच्या हिशेबात १२ टक्के अल्कोहोलची ५ औंस वाइन म्हणजे एक ड्रिंक. मोठ्या एका ग्लासमध्ये जवळजवळ दोन ड्रिंक झाली. ७५० मिलीलीटरच्या बाटलीत साधारण २५ औंस मावतात, म्हणजे तिघांनी मोठा ग्लास घेतला की बाटलीपेक्षा जास्तच वाइन झाली. तिघांना एकच वाइन चालणार असेल, तर बाटलीची किंमत आधी पाहावी. उरलेली वाइन बूच लावून, सीलबंद करून घरी नेण्याची मुभा तिथल्या बऱ्याच राज्यांत आहे. ती गाडीच्या डिकीत ठेवावी आणि गाडी न प्यायलेल्यानंच चालवावी.