कुंभाराचा बाप, कुंभाराचं गाढव आणि प्लेग्रुपमधली सर्दी

मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘कारण’ म्हणजे काय यावर बोललो, आणि ते सगळं बोलणं मडक्यांभोवतीच फिरलं अशी तक्रार आली. आता नैयायिकांना मडक्यापलीकडे उदाहरणच सुचत नाही, त्याला मी काय करणार! पण आलेल्या चिठ्ठ्यांमध्ये एक अशी होती की आजचा सगळा वेळ तिलाच द्यावा असं वाटलं.

चिठ्ठी एका आईची आहे. मुलगा अडीच वर्षांचा. जूनपासून सकाळी प्लेग्रुप, मग संध्याकाळपर्यंत पाळणाघर. ऑक्टोबर उजाडेपर्यंत पोरगं सात वेळा आजारी पडलं. सर्दी, ताप, एकदा कान फुटला, एकदा जुलाब, एकदा हातापायांवर आणि तोंडात पुरळ. बाईंच्या रजा संपल्या. सासूबाई म्हणतात, नोकरी सोड, पोराचे हाल करू नकोस. नवरा काहीच म्हणत नाही. आणि शेवटी लिहिलंय, “सर, कारण आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं तुम्ही म्हणालात. मग इथे कारण काय, आणि दोष कोणाचा?”

मी वैद्य नाही, हे आधीच सांगतो. आजाराबद्दल जे बोलेन ते बालरोगाच्या पुस्तकांत स्थिर झालेलं आहे तेवढंच. तुमच्या मुलाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण प्रश्न कारणाचा आहे, आणि तो मात्र माझ्या अंगणातला आहे.

आधी हिशेब करू. शाळेत न जाणाऱ्या, घरात वाढणाऱ्या लहान मुलालासुद्धा वर्षाला सरासरी ६ ते ८ वेळा सर्दी होते. पाळणाघरात किंवा नर्सरीत जाणाऱ्याला पहिल्या वर्षी १० ते १२ वेळा होऊ शकते. हे निरोगी मुलांचं बोलतोय मी. एक सर्दी आठ-दहा दिवस चालते आणि तिचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. आता जून ते फेब्रुवारी धरा, साधारण २७० दिवस. त्यांत १० सर्द्या म्हणजे शंभरेक दिवस नाक वाहतंच आहे. आणि या सर्द्या काही रांगेत अंतर ठेवून येत नाहीत. पहिलीचा खोकला थांबायच्या आत दुसरी दाराशी. मग घरात बोललं जातं, “दोन महिने झाले, याची सर्दी हटतच नाही.” सर्दी एक नव्हतीच, तीन होत्या, एकीला लागून एक.

हे असं का होतं? बाळ जन्मतं ते आईच्या रक्तातून आलेली प्रतिपिंडं घेऊन. ती शिदोरी पहिले काही महिने पुरते, सहा महिन्यांच्या आसपास सरत जाते. पुढे ज्याचं त्याने कमवायचं. आणि कमवायचं म्हणजे एकेका विषाणूशी गाठ पडल्यावर. सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत, बाकीच्या विषाणूंचे वेगळे. एका प्रकाराची ओळख झाली म्हणून दुसरा अडत नाही. घरात चार माणसं असतात तोवर या गाठीभेटी हळूहळू होतात. खोलीत वीस मुलं आली, एकच बाहुली सगळ्यांच्या तोंडात गेली, की त्या एकदम होतात. त्यात आपल्याकडे शाळा सुरू होते जूनमध्ये, म्हणजे नेमकी पावसाबरोबर. आणि पश्चिम भारतात फ्लूचा जोरही पावसाळ्यातच असतो. खिडक्या बंद, कपडे ओले, मुलं एकमेकांना चिकटून.

आता मडक्याकडे या. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांचा ‘भाषापरिच्छेद’ तुम्हाला आठवत असेल. कारण कोणाला म्हणायचं? जे कार्याच्या आधी नियमाने असतं, आणि ‘अन्यथासिद्ध’ नसतं, त्याला. अन्यथासिद्ध म्हणजे तिथे हजर असेल, पण त्याच्यावाचून काही अडत नाही. याची जी उदाहरणं दिली जातात त्यांतली दोन मला फार आवडतात. एक, माती वाहून आणणारं गाढव. घट होण्याआधी ते होतं खरं, पण माती डोक्यावरून आणली असती तरी घट झालाच असता. दुसरं, कुंभाराचा बाप. बाप नसता तर कुंभार नसता, हे खरंच. पण म्हणून आपण बापाला घटाचं कारण म्हणत नाही. तो कुंभाराचं कारण.

मुलाच्या आजारपणात घरोघरी गाढवंच गाढवं उभी असतात. दही दिलं होतं, केळं खाल्लं होतं, रविवारी आइस्क्रीम झालं, पंखा पाचवर होता, मामाकडे केस कापले. प्रत्येक गोष्ट आजाराच्या आधी घडलेली आहे, यात वाद नाही. वर्षातले शंभर दिवस मूल आजारी असणार असेल, तर कोणतीही गोष्ट कोणत्या तरी आजाराच्या आदल्या दिवशी घडणारच! केळं न खाता आलेल्या सर्द्या कोणी मोजतं का? मोजत नाही. त्यामुळे केळं बदनाम.

आणि आईची नोकरी हा कुंभाराचा बाप. नोकरी आहे म्हणून पाळणाघर आहे, पाळणाघर आहे म्हणून विषाणूंची गाठ लवकर पडली. साखळीत तिची जागा आहे, मी नाकारत नाही. पण जी आई घरी आहे तिचं मूल साडेतीन वर्षांचं झालं की नर्सरीत जातंच, आणि त्या वर्षी तेही असंच फणफणतं. मग तिथे दोष कोणाचा धरायचा? शिवाय साखळीतली एवढीच एक कडी सगळ्यांच्या नजरेस का पडते? बापाचीही नोकरी आहे. ती त्याच जागी उभी आहे. तिच्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. बोट फिरतंय ते कारणाच्या शोधात फिरत नाहीये, हे इथे लक्षात येतं.

चुकीचं कारण धरलं की औषधही चुकीचं धरलं जातं. आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते असं म्हणतात. सर्दी सातव्या-आठव्या दिवशी आपली आपण उतरणार असते. पाचव्या दिवशी आपण अँटिबायोटिक मागून घेतलं, सातव्या दिवशी मूल खेळायला लागलं. झालं, औषध लागू पडलं! पुढच्या वेळी तेच औषध तिसऱ्या दिवशी. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही, हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. कान फुटला, न्यूमोनिया झाला, तर प्रश्न वेगळा. तो डॉक्टर ठरवतील. पण डॉक्टरांनी “काही नको, थांबू या” म्हटलं की ते डॉक्टर बरे नाहीत असं ठरवून दुसऱ्याकडे जाणारे आपणच असतो.

खोकल्याच्या बाटलीबद्दल तर अधिक कडक बोललं पाहिजे. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचं औषध घेतलेली लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली सहसा त्यांची शिफारस नाही. भेसळ नसती तरी हा सल्ला बदलत नाही, कारण एवढ्या लहान मुलांत या बाटल्यांचा उपयोग दिसलेला नाही. मग करायचं काय? नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, पाणी-पेज-दूध जे घेईल ते थोडं थोडं, तापाला डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेलं पॅरासिटामॉल, जुलाब असतील तर ओआरएस आणि झिंक. आणि कडेवर घेणं. ते कोणत्याही चिठ्ठीवर लिहून देत नाहीत.

हे संपतं का? संपतं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या टूसॉन शहरात १९८० पासून बाराशेहून अधिक मुलांना जन्मापासून वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. २००२ साली त्यातून आलेला निष्कर्ष असा: मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दोन वर्षांचं असताना सर्द्या जास्त झाल्या, पण सहा ते अकरा या वयात घरी राहिलेल्यांपेक्षा कमी. तेराव्या वर्षी फरक उरला नाही. म्हणजे हप्ते आधी भरले, एवढंच. यावरून मुलाला मुद्दाम आजारी पाडावं असा अर्थ काढू नका. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, अपुऱ्या दिवसांचं बाळ, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेलं मूल, यांचा हिशेब निराळा आहे. लसी वेळेवर घ्यायच्या. आणि घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर ते गाढव नव्हे. त्याने मुलांचे छातीचे आणि कानाचे आजार खरोखर वाढतात.

आता नेहमीची सर्दी आणि धोक्याचं दुखणं यांत फरक कसा करायचा? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी याचं उत्तर खेड्यातल्या बायकांच्या हातात दिलं. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एक साधन केलं, वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. मूल शांत असताना मिनिटभर त्याचे श्वास मण्यांवर मोजायचे. तुमच्या हातात मोबाइल आहे, तुम्हाला तर सोपं आहे. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त, म्हणजे डॉक्टरकडे जायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, मूल काही पीत नाही, लघवी कमी झाली, उठवलं तरी गुंगीतच आहे, फिट आली, तर सकाळची वाट पाहायची नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप आला तरी दाखवायचं. आणि वजन वाढतच नसेल, किंवा वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला असेल, तर “शाळेतून आणतो” म्हणून सोडून देऊ नका. तिथे खरंच वेगळं कारण शोधावं लागतं.

राहिला दोष. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं तेव्हा मुलांची आंघोळ, नखं, हात धुणं हा शिक्षणाचाच भाग मानला. आजच्या पाळणाघरात फी विचारताना आपण सीसीटीव्ही आहे का विचारतो. बेसिन मुलांच्या उंचीवर आहे का, एका ताईकडे किती मुलं, खिडकी उघडते का, हे कोण विचारतं? हात नीट धुतले तर जुलाब तरी नक्की कमी होतात.

पाळणाघराच्या दारावर पाटी असते, “आजारी मुलांना पाठवू नये.” नियम योग्य आहे. पण तो पाळायचा कोणी? २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्वाची रजा २६ आठवडे झाली, ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. जिथे दहा-वीस माणसं काम करतात तिथल्या बाईला याचा उपयोग नाही. आणि मूल आजारी पडतं ते २६ आठवड्यांनंतर. मग सकाळी तापाचं औषध पाजून मुलाला सोडून येतात, अकराला औषध उतरतं आणि फोन येतो. ती आई निष्काळजी आहे असं म्हणणं सोपं आहे. तिच्या हाती रजा शिल्लक नाही, हे त्यामागचं कारण आहे.

म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईंना माझं एवढंच सांगणं. नोकरीचा निर्णय ऑक्टोबरमध्ये घेऊ नका. पुढचा पावसाळा सरल्यावर काय ते ठरवा. आणि पुढचं आजारपण आलं की पहिल्या दिवशी तुम्ही घरी राहा, दुसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांनी राहावं. त्यांच्या रजा अजून शिल्लक असतील, चिठ्ठीत त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.