एकानं काय होते?

लेखमाला : पोट लहान झाल्यावर – भाग ६

पोळ्याची कर. मालेगाव तालुक्यातल्या कुठल्याही वावरात दिसावं असं चित्र: निंबाखाली तीन दगडांची चूल, पातेल्यात मटणाचा रस्सा रटरटतोय, सतरंजीवर मित्र, चुलतभाऊ, मेहुणे बसलेत. त्यांच्यात एक जण असा आहे असं समजा, ज्याचं आठ महिन्यांपूर्वी नागपूरला वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. तीस किलो उतरले, शर्ट ढगळ झाले, शुगरच्या गोळ्या कमी झाल्या. सगळे कौतुक करतात आणि त्याच कौतुकात कोणीतरी ग्लास पुढे करतो. ‘‘घे ना भाऊ, एकानं काय होते?’’

मागच्या भागात आपण पाणी घोट-घोट का प्यायचं ते पाहिलं. आजचा भाग या एका प्रश्नाचा आहे. विचारणाऱ्याच्या मनात कपट नसतं. पण तो विचारतो ऑपरेशनआधीच्या माणसाला आणि उत्तर द्यायचं असतं आजच्या पोटाला.

आधी हे पोट समजून घेऊ. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढून टाकतात; उरते ती केळ्यासारखी नळी. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी ठेवतात आणि लहान आतडं थेट तिला जोडतात. ३० मिलिलिटर म्हणजे बारमधला एक स्मॉल पेग. अख्ख्या पिशवीचं माप तेवढंच.

पूर्वी दारू जठरात काही वेळ थांबायची, भरल्या पोटी तर जास्तच. जठराच्या अस्तरातलं एक विकर तिचा थोडा भाग तिथेच मोडायचं आणि उरलेली हळूहळू आतड्यात उतरायची. दारू रक्तात भिनते ती मुख्यतः लहान आतड्यातून. म्हणजे जठर ही घराची ओसरी होती. पाहुण्याला तिथे जरा थांबावं लागे. आता ओसरीच राहिली नाही. पाहुणा थेट माजघरात येतो.

अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्ता यानिना पेपिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलं. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. १७ स्त्रिया होत्या. आठ जणींचा बायपास झालेला, नऊ जणींचा व्हायचा होता. सगळ्यांना सुमारे दोन प्याल्यांएवढी दारू दिली. ऑपरेशन न झालेल्यांच्या रक्तात ती सुमारे २५ मिनिटांनी सर्वांत जास्त झाली, ऑपरेशन झालेल्यांच्या रक्तात ५ मिनिटांत. शिवाय ते प्रमाणही जवळजवळ दुप्पट. दोन प्याले शरीराने चारासारखे मोजले. अभ्यास लहान होता, पण त्याचं उत्तर स्पष्ट होतं.

ही मापं आपल्या बाजारात आणून बघा. अमेरिकेत ज्याला एक प्याला धरतात, त्यात सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असतं. आपल्याकडच्या व्हिस्कीत ते ४२.८ टक्के. म्हणजे १८० मिलिलिटरच्या पव्व्यात सुमारे ६० ग्रॅम. ‘‘अर्धाच पव्वा घेतला’’ म्हणणाऱ्याने तिकडच्या दोन प्याल्यांहून थोडी जास्तच घेतलेली असते. ‘‘बिअर म्हणजे काही दारू नाही’’ हेही आपण सर्रास ऐकतो. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं, जवळजवळ तीन प्याले. वर तिचा गॅस त्या इवल्याशा पिशवीत फुगतो.

आपल्याकडे ‘त्याला चढत नाही’ हे कौतुकाचं वाक्य आहे. ऑपरेशन झालेल्या माणसाचा घात याच वाक्याने होतो. त्याचा हात जुन्या अंदाजाने भरतो. कायद्याने वाहन चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंतच अल्कोहोल चालतं. या पोटाला एका पेगमध्येही ती रेषा ओलांडता येते. धाब्यावरून ‘एकच घेतली’ म्हणत उठून मोटरसायकलला किक मारायची वेळ आणि रक्तात दारू सर्वांत जास्त असण्याची वेळ एकच असू शकते.

दुसरा धोका सावकाश येतो. अमेरिकेतल्या दहा इस्पितळांतल्या रुग्णांचा वेंडी किंग यांच्या गटाने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१२ च्या त्यांच्या निष्कर्षात पहिल्या वर्षी फारसा फरक नव्हता. दुसऱ्या वर्षी मात्र दारूच्या विकाराचं प्रमाण ऑपरेशनआधीच्या ७.६ टक्क्यांवरून ९.६ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये पाच वर्षांचं चित्र आलं: बायपास झालेल्यांपैकी सुमारे पाचातल्या एकात दारूच्या विकाराची लक्षणं दिसली. जठराला नुसता पट्टा बसवलेल्यांत हे प्रमाण त्याच्या जवळपास निम्मं होतं.

हा फरक नीट बघा. लोक म्हणतात, खाणं सुटलं म्हणून माणूस पिण्याकडे वळला. तेवढंच कारण असतं, तर पट्टा बसवलेलेही तितकेच वळले असते. बायपासने दारूची शरीरातली वाटच बदलते, ती लवकर आणि जोरात पोचते, आणि जे लवकर पोचतं त्याची चटकही लवकर लागते. म्हणून पुढे कोणी अडकला, तर ‘एवढं ऑपरेशन करून अक्कल नाही आली’ असं त्याला म्हणू नका. त्याच्या शरीरात खरोखर काहीतरी बदललेलं असतं. त्याला शिव्यांची नाही, उपचारांची गरज असते.

तिसरा धोका फसवा आहे आणि घरच्यांनी तो पाठ करून ठेवावा. दारू यकृताला साखर तयार करू देत नाही. या ऑपरेशननंतर काहींची शुगर तशीही जेवणानंतर दोन-तीन तासांनी एकदम खाली येते. त्यात मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर धोका वाढतो. शुगर उतरलेला माणूस घामाघूम होतो, अडखळत बोलतो, झोकांड्या खातो. बघणाऱ्याला वाटतं, चढली आहे. ‘‘झोपू द्या त्याला.’’ आणि तो झोपेतच बेशुद्ध होतो. घरात ग्लुकोमीटर असेल तर आधी बोट टोचा. माणूस शुद्धीत असून गिळू शकत असेल तरच साखरेचं पाणी द्या, आणि कसंही असलं तरी दवाखाना गाठा.

उलट्या होत राहिल्या की आपण जवळच्या डॉक्टरांकडे सलाईन लावायला जातो. तिथे पहिलं वाक्य हे असू द्या: ‘‘माझं वजनाचं ऑपरेशन झालंय.’’ सततच्या उलट्या आणि दारू यांनी शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपतं. मग नजर दुहेरी होते, चाल डळमळते, डोकं गोंधळतं, आणि उशीर झाला तर मेंदूची ही इजा कायमची राहू शकते. अशा रुग्णाला ग्लुकोजच्या सलाईनआधी किंवा निदान त्याच्यासोबत बी-१ मिळावं लागतं. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. सर्जन नागपूरला असतो आणि पोट रात्री अकराला मालेगावात दुखतं.

मग ठरवायचं काय? माझं म्हणणं सरळ आहे: न पिणं हेच या पोटाला मानवतं. पहिलं वर्षभर तर अजिबात नको. ज्यांना आधी दारूची सवय होती, ज्यांचं यकृत सुजलं किंवा आकसलं आहे, ज्यांना जोडाजवळ अल्सर झाला आहे, ज्या बाईला दिवस गेलेत किंवा राहावेत अशी इच्छा आहे, त्यांच्यासाठी कायमचं नको. यांपैकी काही नसेल आणि वर्षानंतरही मन होत असेल, तर आधी सर्जनशी मोकळेपणाने बोला. त्यांनी हो म्हटलं तरी एकट्याने नको, रोज नको आणि त्या दिवशी गाडीची किल्ली दुसऱ्याकडे. आठवड्यातून एकदाची दोनदा, दोनदाची चारदा होऊ लागली तर वाट बघू नका. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलते. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करत आहे.

आपल्याकडे गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर मतदान होतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आडवीला पुरेशी मतं पडावी लागतात. त्यासाठी बाया रांगा लावतात, घरच्यांचा रोष पत्करतात. स्वतःच्या पोटाचा ठराव मात्र एकाच मताने पास होतो. फक्त ते मत वावरात, ग्लास समोर आल्यावर टाकायचं नसतं. ते आदल्या दिवशी घरी टाकावं, बायकोला आणि एका जवळच्या मित्राला सांगून. दोघांना ठाऊक असलेला निर्णय चारचौघांत टिकतो.

मग करीच्या दिवशी कोणी विचारलं, ‘‘घे ना भाऊ, एकानं काय होते?’’ तर भांडायचं नाही, उपदेश करायचा नाही, खोटं कारणही द्यायचं नाही. जे खरं आहे तेच सांगायचं:

‘‘माह्या पोटात एकाचे दोन होतात, भाऊ. तू घे, मी बसतो तुह्याजवळ.’’

(पुढच्या आठवड्यात : केस गळतात तेव्हा – लोह, प्रथिनं आणि धीर)