हिवाळी अभ्यासवर्ग : प्रवराकाठचा एक विचार

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होते. आषाढापासून तीन महिने विहाराविहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चाललेले असते. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. सांगतेच्या दिवशी सामुदायिक भोजन होते, ग्रंथ कापडात गुंडाळून कपाटात ठेवला जातो आणि मग बऱ्याच वस्त्यांत विहाराचे दार वंदनेपुरते आणि जयंतीपुरते उघडते. म्हणजे लोकांना एकत्र बसण्याची सवय लागते न लागते तोच ती मोडते. हा खंड पडू द्यावयाचा की नाही, असा माझ्या लेखाचा प्रश्न आहे. श्रवणाने श्रद्धा दृढ होते. पण प्रबोधनाला श्रवणाच्या पुढची पायरी लागते, ती प्रश्न विचारण्याची. ही पायरी चढण्यास हिवाळ्याइतका अनुकूल काळ आपल्या खेड्यांत दुसरा नाही आणि हिवाळ्याइतका अडचणीचाही नाही. या दोन्ही गोष्टी बेलापूरच्या परिसरात स्पष्ट दिसतात, म्हणून हा परिसर उदाहरणादाखल घेतो.

बेलापूर हे प्रवरेच्या काठचे जुने गाव. श्रीरामपूर शहराच्या रेल्वे स्थानकाला आजही बेलापूर हेच नाव आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि हा कोरडवाहू मुलूख उसाचा झाला. जवळच्या हरेगावात बेलापूर कंपनीचा खाजगी साखर कारखाना उभा राहिला. १९५० नंतर लोणीच्या सहकारी कारखान्याने सहकाराचे नवे पर्व सुरू केले. १९६१ च्या जमीनधारणा कायद्यानंतर खाजगी कारखान्यांकडच्या जमिनी शेती महामंडळाकडे आल्या. या सर्व स्थित्यंतरांत पाणी आले, पैसा आला, शाळा-महाविद्यालये आली. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला मात्र मुख्यतः मजुरी आली. १९५८ च्या कायद्याने महारकीची वतने गेली, ही मुक्तीच होती. पण वतनाच्या जागी हक्काची जमीन किती जणांना मिळाली, हे प्रत्येक वस्तीने आपल्यापुरते मोजून पाहावे.

शहरातल्या माणसाला हिवाळा म्हणजे सुखद थंडी वाटते. इथे हिवाळा म्हणजे गळिताचा हंगाम. दिवाळी झाली की उसाच्या गाड्या सुरू होतात. रात्र लांब, दिवस लहान. शेतातून परतलेले माणूस सात-साडेसातला मोकळे होते आणि शेकोटीपाशी बसते. गप्पा होतात, कुणाचे कागद निघतात, कुणाच्या कर्जाचा विषय निघतो. ही शेकोटी म्हणजेच आपल्या अभ्यासवर्गाची तयार जागा आहे. कार्यकर्त्याने तिथे फक्त एक पुस्तक आणि एक प्रश्न घेऊन जावयाचे असते.

ही कल्पना नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये प्रौढांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण कष्टकऱ्याचा दिवस त्याच्या मालकीचा नसतो हे त्यांनी ओळखले होते. त्याआधी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढताना जोतीरावांच्या डोळ्यांपुढे अहमदनगरची फॅरारबाईंची शाळा होती. म्हणजे या जिल्ह्याचा आपल्या शिक्षणाच्या इतिहासाशी थेट धागा आहे. पुढे २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले आणि मुंबईत मोफत वाचनालय चालविले. शाळेत बसण्यासाठी छप्पर हवे आणि शाळेबाहेर वाचण्यासाठी जागा हवी, या दोन्ही गरजा बाबासाहेबांनी आरंभीच हेरल्या होत्या. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यापर्यंत आंबेडकरी जलसे पोचले. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी रात्रीच्या वेळी खेड्यापाड्यांत जे केले, तो वर्गच होता. फळ्याच्या जागी डफ होता एवढेच.

तेव्हा परंपरा आहे. अडचण आहे ती सभेची आणि वर्गाची गल्लत होण्याची. सभेत एकजण बोलतो, शंभर ऐकतात, हार-तुरे होतात, घोषणा होतात. सभा हवी, तिने बळ येते. वर्गात मात्र दहा-पंधरा माणसे पुरतात आणि त्यांतली निम्मी तरी बोलली पाहिजेत. वक्त्याला टाळी मिळाली की सभा जिंकली; वर्गात जर एखाद्या मावशीने "हे मला पटलं नाही" असे म्हटले, तर तो वर्ग जिंकला.

अशा वर्गासाठी वेगळा अभ्यासक्रम तयार करावा लागत नाही. आपल्या चळवळीची तिथीच तो पुरवते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत अखेरचे मोठे भाषण केले; दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारले गेले. राजकीय समता मिळूनही सामाजिक आणि आर्थिक विषमता राहिली तर काय होईल, हा त्या भाषणातला इशारा दोन रात्रींत वाचून होतो. २८ नोव्हेंबर हा जोतीरावांचा स्मृतिदिन. उसाच्या पट्ट्यात त्या दिवशी 'शेतकऱ्याचा असूड' वाचावा. पाणी, सावकारी, शेतकऱ्याचे अज्ञान यांविषयी १८८३ मध्ये लिहिलेले ते पुस्तक आजच्या कालव्याच्या काठावर बसून वाचले की चर्चा आपोआप पेटते. ६ डिसेंबरनंतर धम्माचा विषय येतो. २५ डिसेंबरला १९२७ च्या महाडची, मनुस्मृती का जाळली याची उजळणी. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, ३ जानेवारीला सावित्रीबाई, ३१ जानेवारीला १९२० चा 'मूकनायक'. फेब्रुवारीत मुक्ता साळवे. जोतीरावांच्या शाळेत शिकलेल्या या मांग समाजातील मुलीचा महारा-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय'त छापून आला, आणि 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये सुरू झाला तो अहमदनगरला. वेद वाचण्याचा अधिकार नसलेल्यांचा धर्म कोणता, असा सवाल तिने कोवळ्या वयात केला. हा निबंध वस्तीतल्या आठवी-नववीच्या मुलीकडूनच वाचवून घ्यावा. मांग आणि महार या दोन वस्त्यांना एका सतरंजीवर बसविण्याचे काम हा निबंध जितके सहज करतो, तितके आपल्या पुढाऱ्यांना साधलेले नाही.

आता ग्रंथालयाविषयी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यानुसार मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे असतात आणि दर्जाप्रमाणे अनुदान मिळते. 'सार्वजनिक' हा शब्द आपण गंभीरपणे घेतला पाहिजे. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे आणि शाळा खुल्या झाल्या. प्रत्यक्षात चवदार तळ्यापर्यंत चालत जावे लागले. ग्रंथालयाचेही तसेच आहे. दार उघडे असते, पण आपली मुले पायरीपाशी घुटमळतात. आत कोण बसलेले असेल, काय विचारील, अनामत किती मागेल, हा संकोच पिढ्यांचा आहे. म्हणून पहिल्या खेपेस शिक्षकाने दहा मुले बरोबर नेऊन त्यांची नावे सभासद म्हणून नोंदवावीत. दलित आत्मकथने तिथे नसतील तर वाचकांच्या मागणीच्या वहीत ती लिहावीत. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. पवार अकोले तालुक्यातील धामणगावचे, म्हणजे याच प्रवरेच्या वरच्या अंगाचे. आपल्याच नदीच्या माणसाचे पुस्तक आपल्या गावच्या कपाटात असावे, ही मागणी कुणालाही नाकारता येण्यासारखी नाही.

तिसरा प्रकार कार्यशाळेचा. हिच्यात हाताने काहीतरी करावयाचे असते. मी इथे एकाच कार्यशाळेचा आग्रह धरतो, ती म्हणजे कायदा वाचण्याची. कारण सांगतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच हरेगावात शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला टांगून मारहाण झाली. त्याआधी २०१३ चे सोनई, २०१४ चे खर्डा. ही गावे याच जिल्ह्यातली. प्रत्येक वेळी मोर्चे निघाले, निघालेच पाहिजेत. पण घटना घडते त्या रात्री पोलीस ठाण्यात मोर्चा नसतो. तिथे असतो एक घाबरलेला बाप आणि त्याच्यापुढे सरकवलेला कागद.

अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती अमलात आली. तिच्यातले कलम ४ वर्गात मोठ्याने वाचावे. तोंडी दिलेली फिर्याद अधिकाऱ्याने लिहून घेतली की सही घेण्यापूर्वी ती फिर्यादीला वाचून दाखविणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि तिची प्रत तत्काळ देणे हेही कर्तव्य आहे. अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकसेवकाने हे जाणूनबुजून टाळले तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा नाही, असे १९९५ चे नियम सांगतात.

कार्यशाळेत दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने अंमलदार व्हावे, दुसऱ्याने फिर्यादी. अंमलदाराने मुद्दाम एखादी गोष्ट गाळून लिहावी. जातिवाचक शिवी कुणी, कोणत्या ठिकाणी, कुणादेखत दिली ते सोडून द्यावे. फिर्यादीने "वाचून दाखवा साहेब" म्हणावे आणि गाळलेले वाक्य पकडावे. पहिल्या रात्री हसू येते. तिसऱ्या रात्री आवाज ठाम होतो. निरक्षर आजीलासुद्धा हे जमते, कारण इथे वाचता येण्याची अट नाही. नीट ऐकण्याची आहे. वर्षावासात तीन महिने ऐकण्याची जी सवय लागली, ती अशी कामाला येते.

शेवटी, जे वर्गाला येत नाहीत त्यांच्याविषयी. हिवाळ्यात वस्ती पूर्ण नसते. पाथर्डी, शेवगाव, बीडकडची माणसे उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकून इकडे येतात, इकडची कुठे दुसरीकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात, रात्री कोपीत. लेकरांची शाळा ऐन मध्यात तुटते. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहांची योजना आली, तरी मोळी बांधणारे लहान हात दिसतातच. गावच्या विहारात दिव्याखाली आपण समतेवर बोलत असू आणि अर्ध्या कोसावर कोपींच्या तळावर अंधार असेल, तर आपला वर्ग अपुरा आहे. आठवड्यातला एक वर्ग त्या तळावर न्यावा. तिथे ग्रंथ नेण्याआधी उचलीचा हिशेब न्यावा. मुकादमाने किती लिहिले, किती टन तुटला, किती फिटले, एवढे एका वहीत मांडता येणे हीच त्यांची पहिली बाराखडी आहे. आणि बायकांची वेळ विचारून वर्गाची वेळ ठरवावी. भाकरी थापण्याच्या वेळेला ठेवलेला वर्ग हा पुरुषांचाच राहतो.

खर्च किती? एक सतरंजी, एक दिवा, चार पुस्तके, एक वही. आठवड्यातून दोन रात्री धरल्या तरी आश्विन पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत तीसेक बैठकी होतात. एवढ्यात एका वस्तीतली पाच माणसे तरी कागद वाचून दाखवा असे म्हणावयास शिकली, तर त्या हिवाळ्याचे सार्थक झाले असे मी समजेन. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी यंदा ग्रंथ कपाटात ठेवण्यापूर्वी पुढच्या बैठकीची तारीख लावूनच उठावे.